कुंकवाखालची हळद

वारणानगरहून फोन आला तेव्हा मी दुकानामागच्या खोलीत कुणाच्या तरी वारलेल्या आजोबांच्या फेट्याला गुलाबी रंग देत बसले होते. रंगीत फिल्म आल्यापासून फोटो हातानं रंगवायचं काम असं गेलेल्या माणसांपुरतंच उरलंय. फोन आमच्या ह्यांनी घेतला. “कवा?” म्हणाले, मग “बरं”. रिसीव्हर जागेवर ठेवला. मी ब्रश हातात घेऊनच दारात आले. “वैनी गेल्या,” एवढंच म्हणाले आणि माझ्या शेजारून आत निघून गेले. आत खिडकीपाशी एक टेबल आहे, त्याला दोन स्टुलं आहेत. त्यातल्या एकावर ते बसले आणि दुसऱ्या स्टुलावरच्या जुन्या फिल्मच्या डब्यांवर त्यांनी हात ठेवला. मी दारातच उभी. दुःख झालं की माणूस आपल्या माणसाजवळ जातो, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते टेबलाजवळ गेले. अक्कांच्या जाण्याचं रडू मला आलं, पुष्कळ आलं, पण ते नंतर. त्या क्षणी मनात जे उठलं ते रडू नव्हतं. तो निव्वळ हेवा होता आणि तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मंगळवार पेठेतला आमचा फोटो स्टुडिओ ज्यांना माहीत आहे त्यांना अक्काही माहीत असणारच, कारण दुकानाची पायरी चढण्याआधी त्यांचा आवाज कानावर येई. दिवसकार्याला जी माणसं आली त्यांनी एकेक करून मला सांगितलं की अशी बाई पुन्हा होणे नाही. पेठेतल्या एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन, “तुमचं नशीब थोर, असली जाऊ मिळाली,” असं म्हटलं. मी मान हलवली. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे आणि ते मी लिहिणार आहे. त्यासाठी मला काही खोटं रचावं लागत नाही, हेच तर माझं दुखणं आहे. अक्का कजाग असत्या, लावालाव्या करणाऱ्या असत्या, तर मी त्यांच्याशी कडाकडा भांडून केव्हाच मोकळी झाले असते.

मी राजारामपुरीतली, ड्रॉइंग मास्तरांची मुलगी. रंगाचा हात चांगला म्हणून फोटोवाल्यांच्या घरात दिली. घरात सासूबाई, थोरले दीर म्हणजे दादा, अक्का आणि हे. दादा फोटो काढायचे, हे डार्करूम सांभाळायचे. अक्का निपाणीच्या. त्यांचे वडील घड्याळजी, त्यामुळे पोरवयातच चिमट्यानं बारके स्क्रू उचलायला शिकलेल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हे शाळेत जात होते. ह्यांचा डबा त्यांनी भरला, ह्यांचे ताप त्यांनी काढले, नापास झाल्यावर सासऱ्यांच्या हातची छडीसुद्धा म्हणे त्यांनी मध्ये पडून अडवली. म्हणजे हे आधी त्यांचे दीर झाले आणि मग, बऱ्याच वर्षांनी, माझे नवरा झाले. तो क्रम मला कधीच बदलता आला नाही. मी ह्यांचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं, लग्नात, बायका अडून बसल्या म्हणून उखाण्यात. अक्का मात्र सकाळी उठल्यापासून, “बाळू, बंब पेटला का?”, “बाळू, च्या घे की, गार हुतोय,” असं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं नाव घेत. त्यांच्या तोंडात ते नाव इतकं सैल, इतकं घरचं बसलेलं असे की मला वाटायचं, ह्यांचं खरं नाव हेच. मी उखाण्यात घेतलं होतं ते दुसऱ्याच कुणाचं तरी असावं.

आणि ते टेबल. पूर्वेच्या खिडकीखाली, दादांच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा अंथरलेलं. स्क्रू घरंगळून खाली जाऊ नयेत म्हणून त्या तुकड्याच्या कडा वर दुमडून टाके घातलेले होते. कोल्हापूरचा पाऊस कॅमेऱ्याच्या जिवावर उठतो. श्रावण संपेपर्यंत लेन्सच्या काचांना आतून बुरशीची जाळी धरते आणि वंगण घट्ट होऊन अंतर लावायचं कडं फिरेनासं होतं. आमच्याच नव्हे, गावातल्या अर्ध्या फोटोवाल्यांच्या लेन्स त्या टेबलावर येत. हे आणि अक्का समोरासमोर बसत. एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. लेन्स पुढेमागे सरकते ती आट्यांवर, डबीचं झाकण फिरावं तशी. फरक इतकाच की लेन्सच्या आट्यांना एकापेक्षा जास्त तोंडं, म्हणजे कडं आत शिरायच्या जागा, असतात. ज्या तोंडातून कडं सुटलं त्याच तोंडातून ते परत घालावं लागतं. चुकीच्या तोंडातून घातलं तरी ते बिनतक्रार फिरतं, आणि फोटो मात्र बिघडतो. म्हणून कडं सुटतं त्या नेमक्या जागी खूण करायची. बाकीचे लोक सुईनं ओरखडा काढत. अक्का आगपेटीची काडी ओल्या कुंकवात बुडवून कड्यावर एक बारीक ठिपका ठेवत, समोर लेन्सच्या अंगावर दुसरा. “कंची बायकू कुनाची, ह्ये कळाय नगं व्हय?” असं म्हणून स्वतःच मोठ्यानं हसत. हेही हसत. मी स्वयंपाकघरातून ते हसू ऐकत असे.

त्या दोघांत ‘तसलं’ काही नव्हतं, हे आत्ताच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचं मन भलतीकडे धावेल. त्या ह्यांना आईच्या जागी होत्या. तसलं काही असतं तर मला भांडता तरी आलं असतं! दोन माणसं एका कामात बुडाली की त्यांची एक बोली तयार होते, अर्ध्या शब्दांची. “त्यो?” “न्हाय, खालचा.” “आला?” “आला की.” मी नवी नवरी, पदवी नाही पण ड्रॉइंगच्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, आणि माझ्या नवऱ्याशी माझं दिवसभरात जेवढं बोलणं होई त्याहून जास्त ह्या अर्ध्या शब्दांतून त्यांचं होई. मला त्या टेबलाशी जागा हवी होती. दुसरं काही नको होतं मला त्या घरात. एकदा मी माझ्या खोलीतलं स्टूल उचलून आणलं आणि त्या दोघांच्या मधल्या बाजूला, खिडकीपाशी ठेवून बसले. मग हे मान वर न करता म्हणाले, “सुमन, जरा उजेड सोड.” मी उठले. तिसऱ्या स्टुलाला तिथं जागाच नव्हती. कुठंही ठेवलं तरी उजेड अडायचा.

आता सांगते ती गोष्ट सत्तर सालच्या आगेमागची. दादांनी जिवाचा आटापिटा करून एक जर्मन लेन्स मिळवली होती. बंद पडलेल्या एका सिनेमा कंपनीतल्या माणसाकडून ती त्यांच्याकडे आली. तिच्यातून काढलेले चेहरे असे येत की सांगलीपासून लोक फोटो काढायला यायचे. त्या वर्षी पाऊस लांबला आणि नवरात्राच्या तोंडावर त्या लेन्सचं कडं घट्ट झालं. अक्कांनी आणि ह्यांनी ती उघडली, कुंकवाची खूण केली, जुनं वंगण पुसून काढलं. नवं वंगण मुंबईहून यायचं होतं, म्हणून सगळे भाग त्या पांढऱ्या कापडावर मांडून वर परात पालथी घातली. काचा तेवढ्या कापसात गुंडाळून कपाटात ठेवल्या. आणि आली खंडेनवमी.

सासूबाईंनी सकाळीच पूजा मांडली. मोठ्या स्टँड-कॅमेऱ्याला झेंडूची माळ, दिव्यांना, कात्रीला, फोटोच्या कडा कापायच्या कटरला हळद-कुंकू. अक्का ओटी घेऊन देवीला गेल्या होत्या, हे फुलं आणायला. मी तबक धरून सासूबाईंच्या मागोमाग. सगळं झाल्यावर त्यांची नजर परातीवर गेली. मी म्हटलं, “ती लेन्स उघडलेली आहे, सासूबाई.” तर म्हणाल्या, “हत्यार हाय न्हवं त्ये? उघडं हाय म्हनून काय उपाशी ठिवायचं वर्साच्या सणाला?” आणि परात उचलून त्यांनी एकेका भागाला मनोभावे हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं. अक्का परत आल्या आणि बघून कपाळाला हात लावला. पण सणाच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून ते सगळं तसंच राहिलं. दसरा झाल्यावर त्यांनी मऊ ब्रशनं हळद-कुंकू झाडलं, अक्षता वेचल्या, नवं वंगण घालून लेन्स जोडली. कड्यावर लाल ठिपका होता, अंगावर लाल ठिपका होता. ठिपक्याला ठिपका लावला आणि फिरवलं. कडं लोण्यासारखं फिरत होतं.

पहिला फोटो काढला तो जवळच्याच एका तालमीच्या पैलवानांचा. दादांनी तालमीच्या पायऱ्यांवर तीन रांगा केल्या, पुढे जमिनीवर मुद्गल आणि करेल अशी व्यायामाची जड लाकडं मांडली, मध्यभागी वस्ताद. फोटो धुऊन आला तो धुक्यातला. चेहरे सगळे सारखे. पैलवान फोटो घेऊन दुकानात आले, काउंटर भरून गेला. “दादा,” त्यातला एकजण म्हणाला, “ह्यात आमचं वस्ताद कंचं म्हनायचं?” दादांचं तोंड उतरलं. तुळशीची लग्नं तोंडावर आलेली, लग्नसराईची वचनं दिलेली, आणि गावात बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो! हात हलला असेल म्हणावं तर पुढचे मुद्गल स्वच्छ आले होते, त्यांच्यावरचे खिळेसुद्धा मोजता येत होते. ह्यांनी फोटो बघून लगेच सांगितलं, “हललं असतं तर समदंच हललं असतं. नजर जवळ पडतीया.” ती लेन्स ज्या छोट्या कॅमेऱ्याला बसे त्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे काढताना काही कळायची सोय नाही. अंतराचा आकडा लावायचा आणि भरवसा ठेवायचा. मग संशय दादांच्या डोळ्यांवर गेला. चाळिशी उलटली, अंतराचा अंदाज चुकत असणार. बिचारे जाऊन चष्मा करून आले. चष्मा लावून, टेप धरून, अंतर मोजून फोटो काढले. जवळचे चेहरे सुरेख, लांबचं सगळं धुकं.

तेव्हा हे आणि अक्का कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं, फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून बसवायचा, शटर उघडं ठेवायचं आणि डोक्यावरून काळं कापड घेऊन त्या कागदावर उलटं उमटणारं चित्र बघायचं. मी खालच्या दोरीवर कपडे वाळत घालत होते. वर बघितलं तर एका काळ्या कापडात दोन डोकी. आतून आवाज येत होते. लेन्सवर शेवटचा जो आकडा असतो, आडवा पडलेला आठ, म्हणजे त्याच्यापलीकडे कितीही लांबचं असो स्वच्छच दिसणार, त्याला अक्का ‘आडवा आठ’ म्हणत. “आडव्या आठावर न्हे की.” “न्हेलाय वैनी.” “आन् जोतिबाचा डोंगर?” “न्हाय धरत.” मग अक्का एकदम खुशीत ओरडल्या, “बाळू, साडी बघ कशी झकास बसलीया! काठाचं रुई-फूल सुदीक दिसतंया!” ती माझी साडी होती, मी नुकतीच दोरीवर घातलेली. माझी साडी त्या काळ्या कापडात शिरली होती, आणि मी खाली चिमटे लावत उभी. इतक्या वर्षांनी सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा मी ती साडी ओढून काढून दुसऱ्या बाजूच्या दोरीवर टाकली. वरून आवाज आला, “आता गं? साडी कुटं गेली?”

लेन्स परत टेबलावर आली, परत उघडली गेली. काचा उलट-सुलट बसल्या नाहीत ना, ते बघून झालं. मग अक्कांनी तर्क काढला की आत पितळेची एक पातळ चकती असते, ती पूजेच्या दिवशी अक्षतांबरोबर गेली असणार. झालं! घरभर शोध सुरू झाला. केर चाळला, चटया झटकल्या. सासूबाईंनी निर्माल्य तुळशीपाशी ठेवलं होतं, ते मी वाळलेल्या झेंडूसकट बोटांनी उसवून बघितलं. चकती सापडली नाही, कारण ती कधी नव्हतीच. पण खुणेवर कुणी संशय घेईना. खूण अक्कांनी केली होती ना... अक्कांची खूण चुकेल हे त्या घरात कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. ह्यांच्या तर नाहीच.

तिसऱ्या प्रहरी मी चहा घेऊन गेले. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तशीच हातात धरून उभी राहिले. समोर ते कडं पडलेलं, त्यावर तो लाल ठिपका, खिडकीतून उजेड थेट त्याच्यावर. मी रंगाच्या पेट्यांत वाढलेली. लाल रंग बघितला की त्याच्या खाली काय आहे ते मला आपोआप दिसतं. नवरीच्या शालूला लाल देताना आधी पिवळ्याचा हात द्यावा लागतो, तरच तो उजळतो. त्या ठिपक्याच्या कडेला केसाएवढी पिवळी रेघ होती. मी म्हटलं, “ह्या कुंकवाखाली हळद आहे.”

ह्यांनी वर बघितलं. “मग?” अक्कांना मात्र सांगावं लागलं नाही. त्यांनी भिंग ओढलं, कडं उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या... देवाला लावताना आधी हळद, मग कुंकू. लेन्सला खूण करताना कोण हळद लावतं? सासूबाईंच्या ओल्या बोटाचा ठिपका धातूवर पक्का बसला होता, आणि अक्कांचा बारीक ठिपका फुलानं शिंपडलेल्या पाण्यात पुसून गेला होता. पूजेच्या खुणेलाच आपली खूण समजून त्यांनी कडं भलत्या तोंडातून घातलं होतं. “आगं बया बया!” अक्कांनी हात कपाळावर मारून घेतला आणि असं हसू फुटलं त्यांना की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणभरच. मला वाटलं आता म्हणतील, बस. स्टूल आण आणि बस. पण त्यांचे हात कड्याकडे वळलेसुद्धा होते. “बाळू, धर. आदी ह्यो ठिपका पूस.” दोन्ही डोकी खाली गेली. आणि थोड्या वेळानं तेच वाक्य आलं, “सुमन, जरा उजेड सोड.”

मी सोडला. संध्याकाळपर्यंत एकेका तोंडातून कडं घालून गच्चीवर नेऊन बघणं चाललं होतं. दिवेलागणीच्या आधी वरून आरोळी आली, “धरला! डोंगर धरला!” माझे दोन कप चहा तसेच खिडकीत गार झाले होते. दादांनी त्या रात्री जेवताना श्रीखंड आणवलं आणि अक्कांच्या ताटात आधी वाढायला लावलं.

त्यानंतर ती गोष्ट अक्कांची झाली. लग्नाकार्यात, हळदी-कुंकवाला, गिऱ्हाइकांसमोर, कुठंही त्या ती सांगत, आणि काय सांगत! सासूबाईंच्या आवाजात “उपाशी ठिवायचं?” म्हणत, पैलवानासारखं छाती काढून “वस्ताद कंचं?” विचारत, आणि शेवटी हळूच, गुपित फोडल्यासारखं, “मग आमाला दिसलं, कुंकवाखाली हळद!” लोक टाळ्या देत. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. लहानपणी मला त्यांतला फरक कुणी शिकवल्याचं आठवत नाही. अक्कांच्या त्या गोष्टीनं मात्र नीट शिकवला. मी बाजूला पोहे वाढत असे आणि त्या ‘आम्हां’त मी आहे की नाही ते प्रत्येक वेळी नव्यानं शोधत असे. एकदा कुणीतरी विचारलंच, “आधी दिसली कुणाला पण?” अक्का म्हणाल्या, “आमालाच की!” आणि ह्यांच्याकडे बघून हसल्या. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांना खरोखरच तसं आठवत असणार. हे मला अधिक लागलं. त्यांनी मुद्दाम माझं नाव गाळलं असतं तर निदान मी त्यांच्या ध्यानात तरी असते. आणि त्या प्रसंगापासून त्यांनी कुंकवाची खूण सोडली. माझ्या रुखवतातली गुलाबी नेलपॉलिशची बाटली टेबलावर गेली ती गेलीच.

मी काही हात बांधून बसले नव्हते. एकदा अक्का वडिलांच्या आजारपणात निपाणीला गेल्या असताना राजारामपुरीतल्या एका फोटोवाल्यांची लेन्स आली. उजेड कमी-जास्त करायची आतली पाती चिकटली होती, साधंच काम होतं. इतकी वर्षं दारातून, खिडकीतून, चहाच्या कपांवरून बघत आले होते. मला येत होतं. मी टेबलाशी जाऊन बसले, चिमटा घेतला, पहिलं कडं सोडवलंसुद्धा. हे आले. रागावले नाहीत. माझ्या हातातून कडं अलगद घेतलं, कापडावर ठेवलं आणि त्यावर एक वाटी पालथी घातली. “वैनी येऊ देत,” म्हणाले. ती वाटी बरेच दिवस तशीच होती. मी रोज टेबल पुसताना तिच्या भोवतीनं फडकं फिरवत असे.

आता चांगलं लिहायचं म्हणून लिहीत नाही, पण अक्कांचे हात खरंच सुंदर होते. जाड, सांधे फुगलेले, भाकरी थापून कडक झालेले हात, आणि त्या बोटांच्या चिमटीत तिळाएवढा स्क्रू आला की ती बोटं एकदम बदलून जात. मी त्या बोटांकडे बघत बसत असे आणि माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी येत. एक, असं बघायला मिळणं हे भाग्य आहे. दुसरी, ती बोटं माझी का नाहीत. आमच्या पेठेत अक्कांचं कौतुक करणारी माणसं पुष्कळ होती. पण त्यांच्याकडे इतक्या बारकाईनं बघणारी मी एकटीच असेन. हेवा करणाऱ्यासारखं निरखून दुसरं कुणी बघत नाही.

दादा गेल्यावर अक्का मुलाकडे वारणानगरला राहायला गेल्या. तो तिथं कारखान्यात नोकरीला, कॉलनीत घर. मला वाटलं, आता टेबल मोकळं झालं. टेबल मोकळं झालं नाही. हे एकटेच बसू लागले, आणि समोरच्या स्टुलावर जुने फिल्मचे डबे ठेवून दिले, म्हणजे कुणी बसायलाच नको.

शेवटची भेट गेल्या महिन्यातली. खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा तसाच पांढुरका. हातात बामची डबी. तिचं झाकण त्या सारखं उलटं फिरवायच्या, सुटण्याच्या बेतात आलं की थांबायच्या, परत आवळायच्या. “आटं बरूबर न्हाईत हिचं,” म्हणाल्या. मी खाटेच्या एका बाजूला बसले होते, हे दुसऱ्या बाजूला. त्या एकदम म्हणाल्या, “आपन ती हळद वळखली व्हती न्हवं?”

आपण! इतकी वर्षं ज्या शब्दाची मी वाट बघितली तो शब्द त्या भरल्या घरात, पंख्याच्या खडखडाटात, असा सहज येऊन पडला. पण तो कुणाला उद्देशून? मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. एक डोळा माझ्याकडे वळल्यासारखा होता, एक ह्यांच्याकडे, आणि दोन्ही कुठंच बघत नव्हते. मी विचारणार होते. खरंच विचारणार होते... तेवढ्यात हे त्यांच्या पायावर हात ठेवून म्हणाले, “व्हय वैनी, वळखली की.” माझं उत्तर त्यांनी देऊन टाकलं. अक्का समाधानानं हसल्या आणि पुन्हा झाकण फिरवू लागल्या.

तेरावं झालं, दुकान उघडलं. परवा गडहिंग्लजच्या एका गिऱ्हाइकाची लेन्स आली, बुरशीनं भरलेली. काल सकाळी हे टेबलाशी बसले होते, पाठ माझ्याकडे, ऊन नुकतंच कापडावर आलेलं. मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. आणि हाक आली, नेहमीच्या आवाजात, मान खाली घालून मारलेली.

“वैनी, हितं जरा धरा की.”

त्यांना स्वतःची हाक ऐकू गेलेली नव्हती, भिंग डोळ्याला तसंच होतं. मला ते ‘धर’ म्हणतात. ‘धरा’ अक्कांसाठी. मी हात धुतले, कोरडे केले. स्टुलावरचे फिल्मचे डबे उचलून खाली ठेवले आणि अक्कांच्या जागी बसले. त्या जागेवरून उजेड अडत नाही. मी लेन्सचं अंग दोन्ही हातांनी धरलं, आणि ह्यांनी वरचं कडं फिरवायला घेतलं. “हां, आता आपन सावकाश जायचं,” ते पुटपुटले. आपण. कडं सुटायला आलं. खूण करायला हवी होती. ती गुलाबी बाटली केव्हाच वाळून खडा झालेली. मी आगपेटीतली काडी काढली, जिभेच्या टोकाला लावली, माझ्या कपाळावरच्या कुंकवाला टेकवली आणि कड्यावर एक बारीक ठिपका ठेवला, समोर दुसरा. नुसतं कुंकू. ह्यांचा हात वाट बघत थांबला होता. स्टूल मला मिळालं होतं, ‘धरा’ मिळालं होतं, ‘आपण’ मिळालं होतं, आणि त्यातलं एकही माझ्या नावानं आलेलं नव्हतं. मग मी तरी माझ्या नावानं कशाला उत्तर देऊ?

“धरलंया, बाळू,” मी म्हटलं. “फिरीव.”

भिंग हळूच खाली आलं, पण मान वर झाली नाही. लेन्स दोघांच्या हातात होती... आणि मग त्यांनी कडं फिरवलं.